'खाद्य' शैवाल आणि विषबाधा : ग्रॅसिलेरियाच्या चार प्रकरणांचा इतिहास (१९८०–२००४)

प्रस्तावना

एखादी वनस्पती खाण्याजोगी आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या विधानात बहुधा बरेच काही गृहीत धरलेले असते. मराठी स्वयंपाकघरातील अळू आणि सुरण ही परिचयाची उदाहरणे आहेत. दोन्ही खाद्य आहेत. परंतु ती नीट शिजवून, चिंच किंवा आमसुलाची जोड देऊन खायची असतात, अन्यथा घसा खाजतो. म्हणजे 'खाद्य' हा शब्द वनस्पतीइतकाच तिच्यावर होणाऱ्या संस्कारांनाही लागू असतो. जमिनीवरील वनस्पतींबाबत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी जपले गेले. समुद्रशैवालांच्या बाबतीत मात्र हे ज्ञान काही मोजक्या किनारी समाजांपुरते मर्यादित राहिले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची कठोर परीक्षा झाली.

प्रस्तुत निबंधात ग्रॅसिलेरिया या लाल समुद्रशैवालाच्या सेवनातून जपान, ग्वाम, हवाई आणि फिलिपाइन्स येथे झालेल्या विषबाधांचा मागोवा घेतला आहे. ग्रॅसिलेरिया हे जगभर खाल्ले जाणारे आणि अगार या गोठणाऱ्या पदार्थासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे शैवाल आहे. अशा निर्धोक मानल्या गेलेल्या वनस्पतीने माणसे दगावली. या घटनांचा शोध कसा घेतला गेला आणि त्यातून 'खाद्य' या कल्पनेविषयी काय निष्पन्न झाले, हे पाहणे हा या निबंधाचा हेतू आहे.

१. 'एड्युलिस' हे नाव

इ. स. १७६८ मध्ये सॅम्युएल गॉटलिब ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाचा 'हिस्टोरिया फ्यूकोरम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. केवळ समुद्रशैवालांना वाहिलेला हा पहिला ग्रंथ मानला जातो. ग्मेलिनने एका शैवालाला 'फ्यूकस एड्युलिस' असे नाव दिले. लॅटिन भाषेत 'एड्युलिस' म्हणजे खाण्याजोगे. पुढे वर्गीकरण बदलले आणि १९५२ मध्ये पॉल सिल्व्हा या शैवालतज्ज्ञाने ही जाती ग्रॅसिलेरिया प्रजातीत आणली. तेव्हापासून ती 'ग्रॅसिलेरिया एड्युलिस' या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रजाती बदलली तरी 'एड्युलिस' हे विशेषण मात्र टिकून राहिले.

शास्त्रीय नावातील असे विशेषण हे एक प्रकारचे प्रमाणपत्र असते. ते कोणी, कोठे, कोणत्या ऋतूत आणि कसे खाल्ले याची नोंद त्यात नसते. नाव जातीला एकदा मिळते आणि कायम राहते. समुद्रातील परिस्थिती मात्र कायम राहत नाही. या विसंगतीचे परिणाम दोनशे वर्षांहून अधिक काळानंतर दिसून आले.

२. जपान : चुना आणि गोडे पाणी

जपानमध्ये ग्रॅसिलेरियाच्या काही जातींना 'ओगोनोरी' म्हणतात. कच्च्या माशांच्या कापांसोबत ताटात मांडले जाणारे ते एक नेहमीचे तोंडीलावणे आहे. बाजारात मिळणाऱ्या ओगोनोरीचा रंग हिरवागार असतो, तर समुद्रातील ताजे शैवाल तांबूस-तपकिरी असते. विक्रीपूर्वी त्यावर चुन्याच्या पाण्याची प्रक्रिया केली जाते. तीत लाल रंगद्रव्य निघून जाते आणि हिरवा रंग उठून दिसतो. ही प्रक्रिया रंग आणि पोत यांसाठी केली जाते, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

१९८० आणि १९८२ मध्ये जपानमध्ये ओगोनोरी खाल्ल्यानंतर विषबाधा झाल्याच्या आणि त्यात मृत्यू ओढवल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. १९९३ मध्ये योकोहामाजवळील नोजिमा किनाऱ्यावरील शैवालामुळे तशीच घटना पुन्हा घडली. बाधा झाली ती किनाऱ्यावरून स्वतः गोळा करून घरी तयार केलेल्या कच्च्या शैवालातून. मळमळ, उलट्या, जुलाब आणि रक्तदाब एकाएकी घसरणे ही या बाधेची लक्षणे होती.

१९८४ मध्ये फुसेतानी आणि हाशिमोतो या संशोधकांनी या बाधेस कारणीभूत असलेले द्रव्य म्हणून प्रोस्टाग्लँडिन ई-२ चे नाव पुढे केले. त्यांनी स्वतः ते 'संभाव्य' कारण असेच म्हटले होते, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. प्रोस्टाग्लँडिन हे सस्तन प्राण्यांच्या शरीरात अत्यल्प प्रमाणात तयार होणारे, संप्रेरकांप्रमाणे कार्य करणारे पदार्थ आहेत. त्यांच्यावरील संशोधनाला १९८२ चे शरीरक्रियाशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. प्रोस्टाग्लँडिन ई-२ रक्तवाहिन्या रुंदावते, आतड्यांची हालचाल वाढवते आणि गर्भाशयाचे आकुंचन घडवते. प्रसूतिकळा सुरू करण्यासाठी ते औषध म्हणूनही दिले जाते. ग्रॅसिलेरियामध्ये हे द्रव्य असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७९ मध्येच दाखवून दिले होते.

या स्पष्टीकरणाचे मर्म पुढीलप्रमाणे आहे. शैवालाच्या पेशींत अरॅकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल असते आणि त्याचे प्रोस्टाग्लँडिनमध्ये रूपांतर करू शकणारे विकरही असते. शैवाल जिवंत आणि अखंड असेपर्यंत या क्रियेला आळा असतो. गोड्या पाण्यात भिजवल्याने किंवा चिरल्याने पेशी फुटल्या, की विकर कामाला लागते. सोबत खाल्लेल्या माशांतील मेदाम्लांमुळे या क्रियेसाठी अधिक कच्चा माल मिळत असावा, असाही तर्क मांडला गेला. चुन्याच्या अल्कधर्मी द्रावणात मात्र विकर निकामी होते.

यातून एक विलक्षण गोष्ट पुढे येते. घरी आणलेले शैवाल गोड्या पाण्यात भिजवून स्वच्छ करणारी व्यक्ती काळजीपूर्वकच वागत होती. पण नेमकी तीच कृती विष तयार होण्यास साहाय्यक ठरत होती. उलट रंगासाठी चुना वापरणारा व्यावसायिक, कारण ठाऊक नसतानाही, सुरक्षित पदार्थ विकत होता. खाद्यता शैवालात नव्हती, तर प्रक्रियेत होती. प्रक्रियेचे खरे प्रयोजन विस्मरणात गेले किंवा कधी ज्ञातच नव्हते, म्हणून ती वगळण्यात धोका आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही.

३. ग्वाम : एप्रिल १९९१

जपानच्या उदाहरणावरून परंपरागत प्रक्रिया पाळली की शैवाल सुरक्षित राहते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. ग्वामच्या घटनेने या निष्कर्षाची मर्यादा दाखवून दिली.

ग्वाम हे पश्चिम प्रशांत महासागरातील बेट अमेरिकेच्या अखत्यारीत आहे. तेथील टँग्विसन किनाऱ्यावर मिळणारे एक लाल शैवाल स्थानिक लोक नेहमी खात असत. १९८० च्या दशकात शैवालतज्ज्ञ इझाबेला अ‍ॅबट आणि त्यांच्या सहकारी मेनेसेस यांनी त्याला 'पॉलीकॅव्हर्नोसा त्सुदे' असे नाव दिले होते. ग्वाममधील शैवालांचे अभ्यासक रॉय त्सुदा यांच्या गौरवार्थ ते नाव होते. हे शैवाल म्हणजे 'ग्रॅसिलेरिया एड्युलिस'च होय, असेही मत होते आणि पुढे विषाविषयीच्या संशोधनलेखात ही दोन्ही नावे एकत्र छापली गेली.

एप्रिल १९९१ मध्ये हे शैवाल खाल्लेल्या १३ व्यक्ती आजारी पडल्या आणि त्यांपैकी ३ दगावल्या. उलट्या-जुलाबांबरोबर स्नायूंचे आकडे येणे आणि त्वचा निळसर पडणे अशी लक्षणे होती. नेहमीची जागा, नेहमीचे शैवाल, नेहमीची पद्धत. तरीही परिणाम प्राणघातक. तेथील आरोग्य विभागाचे साथरोगतज्ज्ञ रॉबर्ट हॅडॉक यांनी या घटनेचा तपास केला.

शैवालाचे नमुने जपानमधील तोहोकू विद्यापीठात ताकेशी यासुमोतो यांच्या प्रयोगशाळेकडे गेले. सागरी विषांच्या क्षेत्रात यासुमोतो यांचा अधिकार मोठा होता. प्रशांत महासागरातील प्रवाळ खडकांवरचे मासे खाल्ल्याने होणाऱ्या सिग्वाटेरा या विषबाधेचे मूळ मासा नसून शैवालांवर वस्ती करणारा एक सूक्ष्मजीव आहे, हे १९७७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते. ग्वामच्या शैवालातून मारी योत्सु-यामाशिता, हॅडॉक आणि यासुमोतो यांनी एक नवे द्रव्य वेगळे केले आणि १९९३ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. त्यास 'पॉलीकॅव्हर्नोसाइड ए' असे नाव देण्यात आले. हे द्रव्य प्रोस्टाग्लँडिनहून सर्वस्वी भिन्न, शर्करेचे घटक जोडलेले मोठ्या वलयाचे संयुग होते. काही किलो शैवालातून हाती आलेले विष एका मिलिग्रॅमपेक्षाही कमी होते. परंतु उंदरांवरील चाचणीत तेवढ्याशा प्रमाणाचीही तीव्रता स्पष्ट झाली. पुरेसे द्रव्य मिळणे दुरापास्त असल्याने रसायनशास्त्रज्ञांनी १९९८ पासून त्याचे प्रयोगशाळेत संश्लेषण केले.

ग्वामच्या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व विषाच्या रचनेपेक्षा एका प्रश्नात आहे. तेच शैवाल त्याच किनाऱ्यावर त्यापूर्वी खाल्ले जात होते. विष जर जातीचा अंगभूत गुणधर्म असता, तर ते आधीच लक्षात आले असते. मग हे विष आले कोठून? येथे परंपरागत ज्ञान अपुरे पडले, कारण परंपरा अनुभवावर उभी असते आणि या धोक्याचा अनुभव कोणालाच नव्हता.

४. हवाई : जागेचे विष

हवाई बेटांवर समुद्रशैवालाला 'लिमू' म्हणतात आणि आहारात त्याचे स्थान फार जुने आहे. तेथील परंपरेत विषारी 'लिमू'चीही एक कथा आहे. माउई बेटाच्या हाना भागातील एका ओहोटीच्या डबक्यात वाढणाऱ्या या लिमूला 'लिमू-माके-ओ-हाना', म्हणजे हानाचे मारक शैवाल, असे म्हणत. ते भाल्याच्या टोकाला लावले असता जखम प्राणघातक ठरे, अशी समजूत होती आणि त्या जागेला जाण्यास निषेध होता. १९६१ मध्ये संशोधकांनी हे डबके शोधून काढले. तपासाअंती ते शैवाल नसून 'पॅलिथोआ' नावाचा प्रवाळांच्या नात्यातला जीव असल्याचे आढळले. त्यातील 'पॅलिटॉक्सिन' या विषाचे वर्णन मूर आणि शॉयर यांनी १९७१ मध्ये केले. ज्ञात असलेल्या अतितीव्र नैसर्गिक विषांत त्याची गणना होते.

या कथेत जीवाची ओळख चुकलेली होती, परंतु धोक्याची जागा अचूक होती. लोकपरंपरेने विष जातीला नव्हे, तर ठिकाणाला बांधले होते. आधुनिक वर्गीकरणाने नेमके उलट केले होते.

१९९४ मध्ये याच माउई बेटावर 'मानाउएआ' हे लोकप्रिय लिमू, म्हणजे 'ग्रॅसिलेरिया कोरोनोपिफोलिया', खाल्ल्याने ७ जण आजारी पडले. तोंडात व घशात जळजळ, उलट्या आणि जुलाब अशी लक्षणे दिसली. नागाई, यासुमोतो आणि हवाई विद्यापीठातील होकामा यांनी १९९६ मध्ये त्याचे कारण प्रसिद्ध केले. या वेळी ना प्रोस्टाग्लँडिन सापडले, ना पॉलीकॅव्हर्नोसाइड. सापडले ते 'अ‍ॅप्लिसियाटॉक्सिन' आणि त्याचे ब्रोमीनविरहित रूप.

ही द्रव्ये शास्त्रज्ञांना अपरिचित नव्हती. १९७४ मध्ये ती समुद्रससा या गोगलगायीच्या कुळातील प्राण्यात आढळली होती आणि पुढे 'लिंग्ब्या' या सायनोबॅक्टेरियात, म्हणजे नीलहरित सूक्ष्मजीवात, त्यांचे मूळ सापडले होते. समुद्रससा लिंग्ब्या खातो आणि विष साठवतो. साहजिकच माउईच्या शैवालावर वाढलेल्या अशा सूक्ष्मजीवांकडे संशयाची सुई वळली. शैवाल हे विषाचे जनक नसून केवळ वाहक असावे, अशी ही मांडणी होती. सिग्वाटेराच्या बाबतीत माशाचे जे झाले, तेच येथे शैवालाचे झाले.

५. फिलिपाइन्स आणि उकललेला दुवा

२००२–०३ मध्ये फिलिपाइन्समध्ये लाल शैवालांच्या सेवनातून पुन्हा प्राणघातक विषबाधा झाल्या. यात 'अ‍ॅकॅन्थोफोरा' या निराळ्या प्रजातीच्या शैवालाबरोबरच 'ग्रॅसिलेरिया एड्युलिस'चाही समावेश होता. योत्सु-यामाशिता आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या 'एड्युलिस'मधील मारक द्रव्य पॉलीकॅव्हर्नोसाइड ए हेच असल्याचे सिद्ध केले. ग्वामची घटना एकाकी अपवाद नव्हती, हे यातून स्पष्ट झाले. 'खाण्याजोगे' असे नाव धारण करणाऱ्या शैवालाने माणसे दगावली होती, ही वस्तुस्थिती आता निर्विवाद झाली.

विषाच्या उगमाबाबतचा दुवा त्यानंतर अकरा वर्षांनी हाती लागला. पॉलीकॅव्हर्नोसाइडची रचना काही सायनोबॅक्टेरियांतील संयुगांशी मिळतीजुळती असल्याचे रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आले होतेच. २०१५ मध्ये 'ओकेनिया' या सागरी सायनोबॅक्टेरियातून याच कुळातील 'पॉलीकॅव्हर्नोसाइड डी' वेगळे करण्यात आले. ग्वामच्या १९९१ मधील शैवालावर नेमका कोणता सूक्ष्मजीव होता, हे यावरून ठरत नाही. तथापि हे विष तयार करण्याची क्षमता सायनोबॅक्टेरियात आहे, हे प्रत्यक्ष प्रमाणाने प्रस्थापित झाले. पूर्वी निर्धोक असलेले शैवाल अकस्मात विषारी का झाले, या प्रश्नाचे सर्वांत सुसंगत उत्तर या दिशेने मिळते. सूक्ष्मजीवांची वाढ ऋतू, तापमान आणि पाण्यातील पोषकद्रव्ये यांनुसार कमी-अधिक होते. शैवालाचे बाह्य रूप मात्र तेच राहते.

६. भारतीय किनाऱ्याचा संदर्भ

ग्रॅसिलेरिया एड्युलिस भारताला परके नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, विशेषतः मन्नारच्या आखातात, ते विपुल आढळते. त्याची पेज करीत असल्याने तेथे त्याला 'कांजी पासी' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारा अगारचा पुरवठा खंडित झाल्यावर भारतीय शैवालांपासून अगार काढण्याच्या प्रयत्नांना चालना मिळाली. मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्र आणि १९५४ मध्ये भावनगर येथे स्थापन झालेली केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था यांनी हे कार्य पुढे नेले. १९६६ पासून मन्नारच्या आखातातून शैवालांचे व्यापारी संकलन सुरू झाले. या कामात किनाऱ्यावरील स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

महाराष्ट्रातील घरांत अगार 'चायना ग्रास' या नावाने परिचित आहे. ते समुद्रशैवालापासून बनते याची जाणीव मात्र क्वचितच असते. अगार तयार करताना शैवाल धुऊन, उकळून, गाळून केवळ गोठणारा अंश घेतला जातो. आख्खे शैवाल भाजीसारखे खाणे आणि त्यातून काढलेले अगार वापरणे यांत म्हणूनच गुणात्मक अंतर आहे. वर वर्णिलेल्या चारही प्रकरणांत बाधा झाली ती आख्खे शैवाल खाल्ल्याने, ही बाब येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

हे अंतर आता महत्त्वाचे ठरते आहे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्रशैवालांसाठी सुमारे ६४० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्याच वर्षी जगातील शैवालांचे लागवडीतून मिळालेले उत्पादन ओल्या वजनात सुमारे साडेतीन कोटी टन होते. पौष्टिक, गोडे पाणी व जमीन न लागणारे अन्न म्हणून शैवालांचा पुरस्कार केला जातो आणि तो अनाठायी नाही. परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ अहवालात शैवालांच्या अन्नसुरक्षेविषयीचे नियम व मार्गदर्शन तोकडे असल्याचे नमूद केले आहे. ज्या समाजात आख्खे शैवाल खाण्याचा अनुभव नाही, तेथे ते नव्याने ताटात येणार असेल, तर चुकांची किंमत प्रथम कोण देणार, हा प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नाही. नोजिमा आणि टँग्विसन येथे ती स्वतः शैवाल वेचणाऱ्यांनी व त्यांच्या घरातील माणसांनी दिली.

समारोप

चार किनाऱ्यांवरील या घटनांत शैवालाची प्रजाती एक होती, परंतु विषे तीन प्रकारची होती. जपानमध्ये विष शैवालाच्याच पेशींत, हाताळणीतील बदलामुळे तयार झाले. हवाईत ते शैवालावरील सूक्ष्मजीवांकडून आले असावे. ग्वाम आणि फिलिपाइन्स येथील विषाबाबतही पुरावा त्याच दिशेकडे निर्देश करतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, पारंपरिक प्रक्रियांमागील कारणे ठाऊक नसली तरी त्या निरर्थक समजून वगळणे योग्य नाही. चुन्याने केवळ रंग उजळत नव्हता. दुसरी, परंपरा पाळली एवढ्यानेही सुरक्षिततेची हमी मिळत नाही, कारण समुद्र बदलतो आणि बदललेल्या समुद्राचा अनुभव परंपरेजवळ नसतो. त्यासाठी किनाऱ्यागणिक, ऋतूगणिक तपासणीची आणि आजारांच्या तत्पर नोंदीची व्यवस्था लागते. ग्वाममध्ये अशी नोंद करणारा साथरोगतज्ज्ञ होता, म्हणूनच पॉलीकॅव्हर्नोसाइडचा शोध लागू शकला.

ग्मेलिनने १७६८ मध्ये दिलेले 'एड्युलिस' हे नाव चुकीचे नव्हते. ते अपुरे होते. खाद्यता हा जातीला एकदाच बहाल करण्याचा गुण नव्हे. जागा, काळ आणि हाताळणी यांच्या संदर्भात ती पुनःपुन्हा पारखून घ्यावी लागते. भारतीय किनाऱ्यावर शैवालशेतीचा विस्तार होत असताना ही पारख आरंभापासूनच त्या व्यवस्थेचा भाग व्हावी, हाच या इतिहासाचा बोध आहे.